विजयेचं मागचं पोतं

१

विजयेच्या तेलात विजयाच नाही, असा प्रयोगशाळेचा अहवाल शुक्रवारी सकाळी सोलापुरात पोचला आणि दुपारच्या जेवणाआधी गिरिजा औषधी कारखान्याचं कोठार सील झालं. एरवी साध्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावणारं परवाना खातं अशा वेळी मात्र चपळाई दाखवतं.

विजया म्हणजे भांग. वैद्य मंडळी तिला या देखण्या नावानं ओळखतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या या छोट्या कारखान्यात तिच्या पानांचं तेल काढत आणि एका धर्मादाय रुग्णालयामार्फत ते कर्करोगाच्या रुग्णांना फुकट देत. या तेलानं दुखणं बरं होत नसे, पण कळा थांबत, आणि ज्याला कळा येतात त्याला तेवढं पुष्कळ असतं.

पण भांग ती भांग. तिच्यासाठी सरकारनं वेगळं कोठार बांधायला लावलं होतं. खिडक्या विटांनी चिणलेल्या, वर पत्रा, आणि दाराला दोन कुलपं. एक किल्ली सरकारी परवाना निरीक्षकाकडे, दुसरी कारखान्याच्या रसायनतज्ज्ञाकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडायचं नाही. शिवाय पहारेकरी, दारावर रोखलेले कॅमेरे आणि दर आठवड्याला मालाचं वजन. तेल फुकट वाटलं जायचं म्हणून कारखान्याला शुल्क माफ होतं. हा सगळा डोलारा सरकारी खर्चानं चालायचा.

तो डोलारा परवडतो का, एवढंच तपासायला वैदेही टाकळीकर तिथं आली होती. ती लेखापरीक्षक. लोक तिला चहा देतात तोही जरा घाबरतच, आणि याची तिला सवय झाली होती. शुक्रवारी दुपारी तिला वरून फोन आला.

“चोरीला गेलेल्या पोतंभर मालाची किंमत काढून द्या. सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायची आहे.”

“कुणाविरुद्ध?”

“त्या दानेश्वरीविरुद्ध. त्या खेपेवर तिची सही आहे.”

दानेश्वरी ही कारखान्यातली धाकटी रसायनतज्ज्ञ, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. ती तेव्हा बाहेर पायरीवर बसली होती. तिनं रडून घेतलं होतं आणि आता नुसती बसली होती.

“मॅडम, भांगेचा गुन्हा नावावर लागला तर मला औषधाच्या दुकानातसुद्धा कुणी उभं करणार नाही की,” ती म्हणाली. “आणि मी काहीच केलं नाही हो.”

असं सगळेच म्हणतात, हे वैदेहीला ठाऊक होतं. ती आत गेली आणि मालाची किंमत काढायला बसली. आकडा कागदावर उतरला तशी तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं तो पुन्हा काढला. तोच आला. पहारेकऱ्याच्या एका पगारात असली कितीतरी पोती आली असती.

इतका बंदोबस्त भेदून इतकं कमी कोण चोरेल?

२

ते तेल ज्या पोत्यातून निघालं, ते पोतं वैदेहीनं बघायला मागितलं. दहा पोत्यांतलं हे एक. त्यातल्या अर्ध्या पानांचं तेल झालं होतं आणि अर्धी पानं उकळायच्या खोलीत तशीच पडून होती. अहवालात त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं: अन्य वनस्पतीची पाने. कुठल्या वनस्पतीची, हे शोधण्याचं काम बहुधा दुसऱ्या टेबलावर असावं.

तिनं मूठभर पानं तळहातावर घेतली. वाळून चुरा झालेली, हिरवट करडी. एखादं पान जरा अखंड होतं, पंजासारखं फाटलेलं. भांगेचं पान चित्रात दिसतं तसंच. वास मात्र ओळखीचा होता. भांगेशी तिची काही ओळख नव्हती, मग हा वास ओळखीचा कसा?

मग तिनं जे केलं ते कुठल्याही लेखापरीक्षकानं करू नये. इकडंतिकडं बघितलं आणि पान तोंडात टाकलं.

आंबट.

तिला हसूच आलं. तिच्या घरी आठवड्यातून एकदा तरी हे शिजायचं, ज्वारीच्या कण्या आणि लसणाची फोडणी घालून. शेजारच्या गंगम्मा त्यालाच पुंडी पल्ले म्हणायच्या आणि वाटीभर आणून द्यायच्या. सोलापुरात कुठल्याही मंडईत ढिगानं मिळणारी अंबाडी! पानांचं रूप भांगेशी इतकं जुळणारं, की ज्याला सांगितलं नाही तो फसलाच.

म्हणजे ज्यानं हे केलं तो इथलाच. त्याला अंबाडी माहीत होती आणि भांगही. आणि दोन कुलपांच्या आत जायची वाट त्याला सापडली होती.

३

परवाना निरीक्षक गंगाधर आष्टेकर मूळचे मोहोळकडचे. नोकरी सरत आलेली, शर्टाची घडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती. कारखान्याच्या आवारात त्यांना खोली होती, पण चहा ते फाटकाबाहेरून मागवत. आतला चहा श्रीशैलच्या हुकमावरून येतो, आणि श्रीशैलशी त्यांचं बोलणं नव्हतं.

श्रीशैल हा मालकाचा पुतण्या, मुख्य रसायनतज्ज्ञ. दुसरी किल्ली त्याची.

“लई आखडू माणूस तो,” गंगाधर म्हणाले. “चारचौघांत मला सरकारी कुलूप म्हणतो. आपण कसं, नियमानं चालतो. त्यांना ते टोचतं.”

“मग पोतं त्यांनीच बदललं असेल?”

“छे छे!” गंगाधर खुर्चीत ताठ झाले. “तसला नाही तो. चोरबिर तर अजिबात नाही.”

“आणि तुमच्या वजनांत कधी काही आढळलं नाही?”

“मॅडम, गेल्या पावसाळ्यात माल आला. तिकडं उत्तरेत पाऊस चालू असताना भरलेला. आता वैशाख चाललाय. दर आठवड्याला वजन करतोय मी. एका ग्रॅमचा फरक दाखवा, राजीनामा देतो.”

त्यांच्या आवाजात अभिमान होता. वैदेहीला बरं वाटलं. असा चोख माणूस सरकारी नोकरीत विरळा.

श्रीशैल उकळीच्या कढईपाशी भेटला. चाळिशीचा, तोंडाचा फटकळ.

“आष्टेकर साहेबांचं काय विचारता? त्यांना ठेच लागली तरी आधी परवानगी काढतील, मग ओरडतील.”

“मग हे त्यांनीच केलं असं म्हणायचं का?”

श्रीशैलनं हातातला झारा खाली ठेवला. “साहेबांचं नाव नका घेऊ मॅडम. ते असलं करणार नाहीत.”

वैदेही त्याच्याकडे बघत राहिली. दिवसभर एकमेकांना पाण्यात पाहणारी ही दोन माणसं संशयाची पाळी आली की एकमेकांसाठी इतक्या घाईनं का धावतात?

मालक शिवलिंगप्पांना मात्र कुणाला वाचवायचं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस आपल्या जडीबुटीच्या वखारीत पोत्यावर बसून वारा घेत होता. या वखारीला साधी कडी होती.

“बाई, माज्या बापानं हितं औषधी इकली, मीबी इकतोय. आमाला कुलूप म्हायती नव्हतं. एक भांग आणली आनि घरात सरकार आलं बगा.” बोलता बोलता त्यांनी शेजारचं पोतं एका हातानं सरकवून वैदेहीला बसायला जागा केली.

“अहो, राहू द्या. जड असेल.”

“कुटलं जड! सोनामुखीची पानं हायती. श्रावणात आली तवा दोघं लागत हुते उचलाय. सोलापूरचं ऊन हाय हे. कशातबी पाणी ठिवत न्हाय. उन्हाळ्यात समदं हलकं होतंय की.”

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. वैदेहीनं तो घेतला, पण पाणी प्यायचं तिला सुचलंच नाही.

४

शनिवारी सकाळी तिनं दानेश्वरीला घरून बोलावून घेतलं.

“ते पोतं कोठारातून निघालं त्या दिवसाचं सांग. सगळं. तुझ्या अंगावर येणारं असेल तेही.”

दानेश्वरीनं खाली बघत सांगायला सुरुवात केली. पाडव्याच्या सुमाराला श्रीशैल दरवर्षीप्रमाणे मल्लिकार्जुनाच्या पदयात्रेला गेला होता. जाताना किल्ली तिच्याकडे सोपवली. तो म्हणाला होता, माझ्या मागं माल काढावा लागणार नाही, तेल पुरेसं आहे. पण रुग्ण वाढले आणि बाटल्या संपल्या.

“रुक्मिणीबाईंचा फोन आला. आमच्या शाळेतल्या बाई. त्यांची बाटली मी दरवेळी स्वतः नेऊन देते. म्हणून मग मी साहेबांना म्हटलं, माल काढू या. आम्ही दोघांनी दोन्ही कुलपं उघडली. साहेब म्हणाले, हे पुढचं पोतं घे, दारापाशीच आहे. पण आम्हाला शिकवलंय, मागचा माल आधी काढायचा. नाहीतर नवा संपतो आणि जुना पडून राहतो. नियमातही तेच आहे. म्हणून मी अगदी मागचं, भिंतीला टेकवलेलं पोतं मागितलं.”

“मग साहेब काय म्हणाले?”

“पुढचंच घे, असं पुन्हा एकदा म्हणाले. मी म्हटलं, सर, नियम आहे की. मग गप्प झाले. सील तोडून, वजन करून दिलं.”

“तुला पानांत काही वावगं वाटलं नाही?”

दानेश्वरीचे डोळे भरून आले. “वाटलं. भिजवल्यावर आंबट वास आला. मला वाटलं, माल जुना आहे, आंबला असेल. पण एकदा बाहेर काढलेलं पोतं आत ठेवायचं तर वरून नवी परवानगी आणायची. ती यायला किती दिवस लागले असते काय माहीत. आणि नमुना तर तपासणीला गेलाच होता, काही असेल तर कळेलच, असं वाटलं. अहवालाला एवढा वेळ लागेल हे कुणाला माहीत? मी थांबायला पाहिजे होतं, मॅडम.”

“हो, थांबायला पाहिजे होतंस,” वैदेही म्हणाली. तिला खोटा धीर देता येत नसे. पण आता तिच्या मनात कसलीही शंका उरली नव्हती. जन्मभर नियमाबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसानं त्या दिवशी नियम मोडायचा आग्रह धरला होता. तोही दोनदा.

५

दुपारी शिवलिंगप्पांच्या ऑफिसात ती सगळ्यांना घेऊन बसली. पंखा गरम हवा फिरवत होता. गंगाधर आणि श्रीशैल खोलीच्या दोन टोकांना बसले होते.

“मला किंमत काढायला सांगितलं होतं,” वैदेही म्हणाली. “पण ज्याची किंमत काढायची ती चोरी झालेलीच नाही. ही भांग बाजारात इतकी स्वस्त आहे की तिच्यासाठी दोन कुलपं फोडायला कुणी मूर्खच लागेल. म्हणून मी विचार उलटा केला. या कोठारातून काय गेलं ते सोडलं, आणि काय जायला हवं होतं आणि गेलं नाही, ते शोधलं.”

तिनं आठवड्याच्या वजनांची वही टेबलावर उघडली.

“वजन. आष्टेकर साहेब, तुम्ही मला अभिमानानं सांगितलंत, एका ग्रॅमचा फरक नाही. पावसात भरलेली पानं, पत्र्याखाली, बंद खोलीत, सोलापूरच्या वैशाखात. वखारीतली सोनामुखी निम्म्या ताकदीनं उचलता येते आणि तुमची भांग मात्र जशीच्या तशी! हे होऊच शकत नाही. पाणी उडणारच. दहा पोत्यांतून जेवढं उडालं तेवढं कुणीतरी दुसरं काहीतरी घालून भरून काढत होतं. नऊ पोती दहाव्यातून भरत गेली आणि दहावं अंबाडीनं. ते पोतं मागं, भिंतीला लावून ठेवलं. पहारेकरी बाहेर येणाऱ्याची झडती घेतो. आत जाणाऱ्याच्या पिशवीत काय आहे हे कुणी बघत नाही.”

“पण दोन किल्ल्या लागत्यात की,” शिवलिंगप्पा म्हणाले. “आनि ह्ये दोगं तर...”

“हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणूनच सगळे निर्धास्त होते. दोन कुलपं लावताना सरकारनं धरून चाललं, की दोघांचं एकमेकांवर लक्ष राहील. पण दोघांना एकाच गोष्टीची भीती असेल तर दोन कुलपं काय आणि दहा काय? माझं एकच अडलं होतं. भीती कसली?”

गंगाधरांनी श्रीशैलकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत त्याच्याकडे पाहिलं असावं.

“मी सांगतो,” श्रीशैल म्हणाला. “अंबाडी मी आणायचो. आमच्या गच्चीवर वाळवून.”

“तू गप्प बस,” गंगाधर म्हणाले. ते उभे राहिले. “मॅडम, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी खरी तूट लिहिली होती. हे नियम दारूच्या गोदामांवरून उतरवून घेतलेत. बाटली काही उन्हानं हलकी होत नाही, म्हणून तुटीला जागाच नाही. वरून पथक आलं. कोठार सील झालं. गाड्या, भत्ते, पुन्हा पुन्हा वजनं, पुन्हा पुन्हा नमुने. पावसाळा गेला, दसरा गेला. तेल बंद. रुग्णालयातून रोज फोन यायचे. वाट बघणाऱ्यांतली कितीतरी माणसं तशीच कळा सोसत गेली. आणि अहवालात शेवटी काय निघालं? माल वाळला असावा. एवढंच.”

वैदेहीला तो अहवाल आठवला. त्या चौकशीचं बिल तिच्याच कार्यालयातून गेलं होतं. त्यात प्रवास, भत्ते, तपासणी हे सगळे रकाने होते. तेलाविना गेलेल्या माणसांना रकाना नव्हता.

“पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच आम्ही ठरवलं,” गंगाधर म्हणाले. “अंबाडी खायची भाजी, कुणाला अपाय नाही. ते पोतं वापरायचंच नव्हतं. वर्षाखेरीला खराब माल म्हणून पंचांसमोर जाळून टाकायचं होतं.”

“तूट लपवलीत, ते चूक असलं तरी मला कळतं,” वैदेही म्हणाली. “पण ही पोरगी ते पोतं मागत होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं आत काय आहे. तुमच्या हातानं सील तोडून दिलंत. त्याचं तेल होईल, ते कुणाच्या घरी जाईल, हेही माहीत होतं. आणि काल तिच्यावर गुन्हा ठरला तेव्हाही तुम्ही गप्प होतात.”

गंगाधर खाली बसले. शर्टाच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं.

“वाटलं, एकच खेप आहे. पुढची चांगली जाईल,” ते म्हणाले. “त्यानंतर जे गप्प बसलो, त्याला काही कारण नाही. भ्यालो.”

श्रीशैल मान खाली घालून बसला होता. पदयात्रेहून परतल्यावर पोतं गेलेलं त्यालाही दिसलं होतंच.

दोघांनी आपापला जबाब स्वतःच्या अक्षरात लिहिला. त्याखाली वैदेहीनं आपलं मत लिहिलं: दानेश्वरीवर गुन्हा लागत नाही. उरलेली नऊ पोती तातडीनं तपासून काम सुरू करावं. पानांना उन्हाची तूट मान्य करावी. ती न मानण्याचा खर्च सरकारला आणि लोकांना कितीतरी जास्त पडतो. वर तिचं कोण ऐकेल, हे तिला सांगता आलं नसतं. पण लिहिलं ते खरं होतं, आणि सोमवारची तक्रार टळली होती.

दानेश्वरीच्या जिवावरचा धोंडा उतरला. आता ती आभार मानेल असं वैदेहीला वाटलं होतं. पण ती सरळ गंगाधरांपुढं जाऊन उभी राहिली.

“सर, मला तुमची माफी नको. रुक्मिणीबाईंना तुम्ही सांगायचं. आत्ता. माझ्याबरोबर चला.”

६

रुक्मिणीबाई बाळीवेशीत राहत. ऊन कलताना ते तिघं पोचले. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, आणि कळ आली की पलंगाची कड धरत होत्या. धाकटी बहीण इंद्रायणी त्यांच्याजवळ होती. दानेश्वरीला बघून बाई हसल्या आणि मागच्या दोघांना खुर्च्या द्यायला सांगितलं.

गंगाधर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, स्वतःला सावरून घेतलं नाही. त्यांच्या तोंडून ‘खोटं तेल’ हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळा आवाज फाटला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शाळेत उशिरा आलेल्या पोराची कारणं ऐकावीत तसं.

“म्हणजे पाडव्यानंतर मी जे घेत होते, ती अंबाडी?”

“हो, बाई.”

“आणि कळा परत आल्या, त्या म्हणून?”

“हो.”

इंद्रायणीनं एकदम तोंडाला पदर लावला. बाईंनी मात्र उशी सरकवून पाठ सरळ केली. मग म्हणाल्या, “मला वाटलं, दुखणं पसरलं. तेलसुद्धा चालेना म्हणजे आता संपत आलं. डॉक्टरांना सांगून टाकलं, उपचाराच्या सुया पुरेत. दोन वेळा रुग्णालयातून बोलावणं आलं, गेले नाही. भांडी वाटून टाकली, साड्या हिला दिल्या.”

गंगाधरांनी हातानं तोंड झाकलं. त्यांना आता रडू आवरेना. वैदेहीनं आयुष्यात कितीतरी नुकसानं मोजली होती. हे कसं मोजायचं, तिला कळत नव्हतं.

“बाई, नऊ पोती चांगली आहेत,” दानेश्वरी त्यांच्या पायाशी बसत म्हणाली. “तपासणी झाली की मी पहिली बाटली तुम्हाला आणते. पण थोडे दिवस जातील. तोवर कसं सोसाल?”

“सोशीन की. इतके दिवस मरण म्हणून सोसलं. आता नुसतं दुखणं म्हणून सोसायचंय,” बाई म्हणाल्या. “ते सोपं आहे. आणि इंदू, सोमवारी रिक्षा सांग. रुग्णालयात जायचंय. ओरडतील, ओरडू देत.”

मग त्यांनी गंगाधरांकडे पाहिलं. “तुम्हाला माफ करायचं का नाही, ते मी अजून ठरवलं नाही. पण येऊन सांगितलंत. बसा आता.”

गंगाधर खुर्चीच्या कडेवर बसले.

बाईंनी उशाचा फोन घेतला आणि चष्मा लावून नंबर काढला. पलीकडून त्यांचा परदेशातला मुलगा राजस बोलला. त्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता. तिकडं पहाट असावी. तो घाबरून, आई काय झालं, असं पुन्हा पुन्हा विचारत होता.

“काही झालं नाही राजस, आधी ऐक,” बाई म्हणाल्या. “ते परवाचं तिकीट काढलंयस ना, मला शेवटचं भेटायला यायचं? ते बदलून घे. आत्ता येऊन काय करशील, नुसतं उन्हात तापशील. दिवाळीचं काढ. दिवाळीला ये, पोरांना घेऊन ये. मी आहे.”